बाळाची क्रीम आणि माझी क्रीम: या चुका टाळा, मी सगळ्या केल्यात

माझं बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा त्याच्या फक्त डाव्या गालावर रॅश यायची. उजवा गाल एकदम मऊ आणि डावा लाल, खरखरीत, बोट फिरवलं की बारीक दाणे लागायचे. मी बाळाचा साबण बदलला, क्रीम बदलली, दुपटी धुवायचं डिटर्जंट बदललं, मग परत क्रीम बदलली, आणि रॅश काही जागची हलेना. एका रात्री पाजून झाल्यावर त्याला उजव्या खांद्यावर घेऊन ढेकर काढत बसले होते, तो माझ्या मानेकडे तोंड करून पेंगत होता, आणि तेव्हा ट्यूब पेटली की अरे, याचा डावा गाल बरोबर तिथेच टेकतोय जिथे मी रोज अंघोळीनंतर माझं ते लाडकं वासाचं बॉडी लोशन चोपडते. लोशन बंद केलं, आठवड्याभरात गाल साफ. तीन आठवडे मी त्याच्या बाटल्या बदलत बसले होते आणि चोर माझ्या बाटलीत होता!

म्हणून आवडती प्रॉडक्ट्स सांगता सांगता चुकाच जास्त सांगणार आहे. माझी यादी आता छोटीशी उरलीये आणि ती इतकी छोटी का झाली त्यातच सगळी मजा आहे.

"हे माझं, ते बाळाचं" असं समजणं

पहिल्या वर्षात आईची मान, खांदे, छाती आणि कोपरापर्यंतचे हात हे बाळाचंच अंथरूण असतं. तिथे जे लावाल ते त्याच्या गालाला लागणार, तोंडात पण जाणार. त्यामुळे परफ्यूम, वासाचं लोशन, कापूर-मेंथॉलवाला बाम, रेटिनॉल (सुरकुत्या-पिंपल्सच्या क्रीममधलं व्हिटॅमिन ए), डागांची क्रीम यातलं काहीही या भागावर नको. बाम तर दुखणाऱ्या पाठीला लावला तरी हात साबणाने धुऊनच बाळाला घ्या, कापूर छोट्या बाळांना खरंच घातक आहे, साधं नाक चोंदलंय म्हणून त्याच्या छातीला चोळायची ती वस्तू नाही. डागांच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध) असेल तर लावलेल्यातला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग अंगात शोषला जातो, म्हणून प्रेग्नन्सीत आणि अंगावर पाजत असताना डॉक्टर सहसा नको म्हणतात. रेटिनॉल आणि त्याचा जोरदार भाऊ ट्रेटिनॉइन प्रेग्नन्सीत बंदच. पाजत असताना परत चालू करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि चेहऱ्यापुरतंच.

मग छातीला काय लावायचं, तर काही नाही. निपलला भेगा पडल्या तर शुद्ध केलेलं लॅनोलिन, अगदी कणभर, बोटांवर गरम करून. ते पुसून मग पाजायचं अशी भानगड नसते म्हणून मला ते आवडतं. पण मेंढीच्या लोकरीतून येतं, काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते, खाज वाढली तर लगेच सोडा. आणि भेगा आठवडाभर तशाच असतील तर ट्यूब बदलू नका, बाळ निपल नीट तोंडात घेतंय का ते कोणा जाणकाराकडून बघून घ्या, मी तीन ट्यूब संपवल्यावर बघितलं.

फेस जास्त म्हणजे स्वच्छ जास्त

बाळाच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा साधारण ३० टक्के पातळ असतो, पाणी लवकर उडतं आणि बाहेरचं लवकर आत जातं. जन्माच्या वेळी कातडीचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल, त्याखाली आंबट) जवळजवळ न्यूट्रल असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू आंबट बाजूला, साडेपाचच्या आसपास येतो, तेच तिचं संरक्षण. नेहमीच्या साबणाचा पीएच ९-१० असतो, म्हणजे आपण रोज फेस काढून ते संरक्षण रोज मागे ढकलतो. जागतिक आरोग्य संघटना तर पहिली अंघोळ निदान २४ तास पुढे ढकला सांगते, आणि जन्मताना अंगावर जो पांढरा चिकट थर असतो तो घासून काढायचा नसतो, ती फुकट मिळालेली बेस्ट क्रीम आहे.

माझी पद्धत आता अशी, कोमट पाणी, ३७-३८ डिग्री, पाच ते दहा मिनिटं, सोप-फ्री बिनवासाचं लिक्विड फक्त जांघ, काखा आणि मानेच्या वळ्यांना, बाकी अंगाला नुसतं पाणी. नवजात बाळाला आठवड्यातून दोन-तीन अंघोळी पुरतात. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग अजून जरा दमट असतानाच क्रीम. मी आधी काय करायचे, की अंघोळ, मग कपडे, मग पाजणं, मग बाळ झोपलं, आणि क्रीम दुपारी आठवली की कोरड्या पायांना चोळायचे आणि म्हणायचे ही क्रीम काही कामाची नाही. क्रीम बिचारी ठीक होती.

लेबल वाचणं म्हणजे पुढची बाजू वाचणं

पुढच्या बाजूला फुलं, ढग आणि हसरं बाळ असतं. "हायपोअ‍ॅलर्जेनिक"ला बहुतेक ठिकाणी कायद्यात पक्की व्याख्याच नाही. "डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड" म्हणजे टेस्ट झाली, निकाल काय लागला ते कोणी सांगत नाही. "अनसेंटेड" आणि "फ्रेग्रन्स-फ्री" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला फार उशिरा कळलं, अनसेंटेडमध्ये मूळ वास दाबायला दुसरा वास घातलेला असू शकतो. आपल्याला हवं ते फ्रेग्रन्स-फ्री. वाइप्सच्या मागे मिथाइलआयसोथायाझोलिनोन असं लांबलचक नाव दिसलं तर पाकीट परत ठेवा, या प्रिझर्व्हेटिव्हने इतक्या लोकांना अ‍ॅलर्जी झाली की युरोपियन युनियनने २०१७ पासून धुऊन न टाकायच्या कॉस्मेटिक्समध्ये त्यावर बंदी घातली.

पण म्हणून "प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री"च्या मागे पण लागू नका. ज्या क्रीममध्ये पाणी आहे तिच्यात काहीतरी टिकवणारं लागतंच, नाहीतर त्या उबदार बाथरूममध्ये, ओली बोटं घालून घालून, डबीत काय वाढेल ते न विचारलेलं बरं. पाणीच नको असेल तर पेट्रोलियम जेली घ्या. आणि क्रीमची डबी नको, पंप घ्या. मागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ आकडा असतो, ते उघडल्यापासूनचे महिने, मी मार्करने उघडल्याची तारीख लिहून ठेवते कारण झोप कमी झाली की आपल्याला वार पण आठवत नाही.

"नॅचरल"चं पण तेच. ऑलिव्ह ऑइल नॅचरल आहे, पण त्यातलं ओलेइक अ‍ॅसिड कातडीचं संरक्षण सैल करतं, एक्झिमा (कोरडी, लाल, सतत खाजणारी कातडी) असलेल्या बाळाला तर नकोच. तेल लावायचंच असेल तर सूर्यफुलाचं, लिनोलेइक अ‍ॅसिड जास्त असलेलं. कातडी फाटलेली, ओलसर असेल तर शेंगदाणा किंवा बदामाचं तेल पण नको, खाण्याच्या गोष्टी तुटलेल्या कातडीतून शरीराला आधी भेटल्या तर शरीर पुढे त्यांच्याशी अ‍ॅलर्जीने वागायला शिकू शकतं. याच कारणासाठी जेवून आल्यावर हात धुऊनच क्रीम लावायची.

एकदम चार नव्या गोष्टी

गिफ्टमध्ये सेट येतो आणि आपण सगळा सेट एकाच दिवशी उघडतो. मग रॅश आली तर बोट कोणाकडे दाखवणार? एका वेळी एकच नवी वस्तू. आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्या जागी, रोज त्याच जागी, पाच-सात दिवस, कारण अ‍ॅलर्जी कितीतरी वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंड दाखवते, पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून खूश होऊ नका. रॅश आलीच तर क्रीम वाढवायची नाही, सगळं थांबवायचं, नुसतं पाणी आणि पेट्रोलियम जेली, आणि रॅशचा नकाशा बघायचा. कुठे आहे, कुठे नाही. हनुवटीवर असेल तर लाळ, डायपरच्या इलॅस्टिकच्या रेषेत असेल तर डायपर, वळ्यांमध्ये असेल तर घाम आणि ओल, एकाच गालावर असेल तर वर वाचलंत. लाळेच्या रॅशला पेट्रोलियम जेली पाजायच्या आधी लावली तर उपयोग, नंतर लावून आपण लाळच आत बंद करतो.

रोज सगळ्या अंगाला क्रीम लावली की एक्झिमा होणारच नाही, असंही मी मानून होते. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या बीप नावाच्या ट्रायलचे निकाल आले, एक्झिमाचा धोका जास्त असलेली १३९४ बाळं, निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर, आणि एक्झिमा काही टळला नाही. कोरड्या कातडीला क्रीम हवीच, एक्झिमा झालाय तर भरपूर हवी, पण गुळगुळीत मजेत असलेल्या बाळाला डोक्यापासून पायापर्यंत चोपडायची सक्ती नाही.

डायपरची जागा

इथे माझी सगळ्यात लाडकी वस्तू, झिंक ऑक्साइडची जाड पेस्ट. लोक ती फेस क्रीमसारखी पातळ पसरवून चोळून जिरवतात. जिरवायची नसते, दिसली पाहिजे, पांढरा थर. आणि प्रत्येक डायपरला ती पूर्ण घासून काढायची नसते, मी दर वेळी "स्वच्छ" करायच्या नादात खालची कातडीच सोलत होते आणि बाळ बदलायच्या टेबलावर ठेवलं की रडायला सुरू. वरचा मळलेला भाग कापूस आणि कोमट पाण्याने पुसायचा, उरलेल्यावर नवा थर. दिवसातून थोडा वेळ डायपरशिवाय उघडं. (गालिच्यावर नको. सांगितलं नाही म्हणू नका.)

दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर नीट बघा. साधी रॅश उंचवट्यांवर असते, जांघेच्या वळ्या सुटलेल्या असतात. वळ्यांमध्येच लालभडक असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील तर बहुतेक यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे, झिंक कितीही थापा, अँटीफंगल लागतं, डॉक्टरांना दाखवा. घरात पडलेली स्टिरॉइड मिक्स क्रीम मात्र उचलून लावायची नाही, डायपर वरून झाकणासारखा बसतो आणि औषध जास्त आत जातं.

पावडर नको. टाल्कची तर अजिबात नको, ती उडते आणि बाळाच्या श्वासात जाते, वळ्यांत ओली होऊन गोळे होतात ते वेगळंच.

काही गोष्टींना काहीच लावायचं नसतं. नाकावरचे पांढरे ठिपके, दोन-चार आठवड्यांचं असताना गालावर येणारे पिंपल्स, आपोआप जातात, तुमची पिंपल क्रीम लांब ठेवा. डोक्यावरच्या खपल्यांना तेल लावा पण थोड्या वेळाने मऊ ब्रशने सोडवून शाम्पूने धुऊन टाका, रात्रभर तेल ठेवलं तर तिथलं यीस्ट त्यावरच जगतं, खपल्या वाढतात आणि आपण अजून तेल घालतो.

ऊन, आणि माझे डाग

सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन नको, सावली, टोपी, पूर्ण बाह्या. नंतर झिंक ऑक्साइडवालं मिनरल, एसपीएफ ३० किंवा वर, आणि दर दोन तासांनी परत. माझ्यासाठी मात्र टिंटेड (कातडीसारखा रंग मिसळलेलं), कारण प्रेग्नन्सीतले गालांवरचे डाग नुसत्या अल्ट्राव्हायोलेटने नाही, दिसणाऱ्या प्रकाशाने पण गडद होतात आणि तो अडवायला टिंटमधलं आयर्न ऑक्साइड लागतं. बाळाच्या पांढऱ्या झबल्यांवर त्याचे डाग पडतात, ते मी मान्य केलंय. डागांसाठी घाईने अ‍ॅसिडं लावायची चूक करू नका, कित्येकींचे काही महिन्यांत आपले आपण फिके होतात. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड मात्र डाग फिके करणारं आणि प्रेग्नन्सीत, पाजताना चालणाऱ्यातलं आहे, मला तेच पुरलं. स्ट्रेच मार्क्सच्या क्रीम्सचा पुरावा फारच कच्चा आहे, कोको बटरसकट, खाज कमी व्हावी म्हणून लावा, रेषा जातील म्हणून नाही.

आणि हात! दिवसातून वीसदा धुऊन माझ्या बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या, त्या चिरांसकट मी बाळाला महागड्या लोशनने मसाज करत होते. आता रात्री पेट्रोलियम जेलीचा जाड थर आणि वर सुती हातमोजे, तीन रात्रीत फरक. एकच सांगते, अशी तेलकट मलमं मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, मेणबत्ती आणि सिगारेट लांब.

पिवळ्या खपल्या, पू, पाण्याचे फोड, पटकन पसरणारी लाली असेल तर घरी प्रयोग करत बसू नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ डिग्री किंवा वर, तर रॅश असो नसो, लगेच डॉक्टर.

तर शेल्फवर आता सहा गोष्टी आहेत, सोप-फ्री लिक्विड, पंपवाली बिनवासाची क्रीम जी आम्ही दोघं वापरतो, पेट्रोलियम जेली, झिंक पेस्ट, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड आणि माझं टिंटेड सनस्क्रीन. लॅनोलिन संपलं. आणि गेल्या आठवड्यात बाळाचा उजवा गाल लाल झाला. मी माझ्या सगळ्या बाटल्या तपासल्या, एक पण वासाची नाही. मग बघितलं तर बाबा त्याला डाव्या खांद्यावर घेऊन फिरवतोय, नुकतीच दाढी करून, भरपूर आफ्टरशेव्ह मारून.