टर्बो गाडीत मॅफ सेन्सर कुठे बसवायचा, टर्बोच्या आधी की नंतर

मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून गरम झालेली हवा थंड करणारा) टाकला, पायपिंग बदललं की हा प्रश्न येतोच. मॅफ सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा, एअर फिल्टरजवळ आहे तिथेच ठेवायचा का उचलून थ्रॉटल बॉडीजवळ (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) न्यायचा? माझं मत आधीच सांगतो, गाडी रोज चालवायची असेल आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीचाच असेल तर सेन्सर फिल्टर आणि टर्बोच्या मधेच राहू द्या. पण असं का ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धे फॉल्ट घरीच सापडतात.

मॅफ हवेचं वजन मोजतो. आत एक तापलेली तार किंवा फिल्म असते, जाणारी हवा तिला थंड करते आणि तिला परत तेवढंच गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली हे ईसीयूला कळतं. आता टर्बोने हवा दाबली तरी ग्रॅम तेवढेच राहतात ना, मग आधी मोजा नाहीतर नंतर मोजा, आकडा एकच. खरा मुद्दा हा की सेन्सर आणि सिलिंडरच्या मधे काय काय लागलंय. मोजलेली सगळी हवा इंजिनात गेली पाहिजे, न मोजलेली आत शिरता कामा नये आणि एकच हवा दोनदा मोजली जाऊ नये.

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घ्या, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएसवाली, आपल्याकडे बऱ्याच जणांनी जपून ठेवलीय. तिच्यात फिल्टर बॉक्सच्या तोंडाशी मॅफ, मग होज, टर्बो, इंटरकूलर आणि शेवटी थ्रॉटल. अॅक्सिलरेटर एकदम सोडला की अडकलेली दाबाची हवा डायव्हर्टर व्हॉल्व्हमधून परत मॅफ आणि टर्बोच्या मधल्या होजमध्ये येते, कारण ती आधीच मोजलेली आहे. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये नुसत्या आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला होता आणि तेव्हापासून प्रत्येक गिअर बदलताना काळा धूर, सिग्नलला थांबायला गेलं की गाडी बंद. दोन महिने प्लग बदल, कॉइल बदल चाललं होतं. मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल पडत होतं आणि हवा मात्र बोनेटखाली उडून जात होती, दुसरं काही नव्हतं. कंपनीचा व्हॉल्व्ह परत लावला त्याच दिवशी सगळं थांबलं.

आता फिटिंग. सेन्सरच्या आधी जितका सरळ पाइप देता येईल तितका द्या. आदर्श म्हणजे पाइपच्या व्यासाच्या १० पट, ७० मिमीच्या पाइपला ७० सेमी, बोनेटखाली एवढी जागा मिळत नाही हे मान्य, पण बेंडला चिकटवून तरी बसवू नका, वळणानंतर हवा एका बाजूला पळते आणि तारेला खोटंच काहीतरी वाटतं. कंपनीच्या हाऊसिंगमध्ये जाळी असेल तर ती काढायची नाही, ती हवा सरळ करायलाच आहे. टर्बोच्या तोंडाला अगदी लागूनही नको, थ्रॉटल सोडल्यावर तिथून हवा उलटी येते आणि तीच हवा दोनदा मोजली जाते. सेन्सरवरचा बाण इंजिनकडे. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवा, खाली पाणी आणि तेल साचतं. क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनच्या खालच्या भागातली वाफ बाहेर नेणारा) सेन्सरच्या नंतरच जोडायचा, आधी जोडलात तर तेलाची वाफ तारेवर बसून रीडिंग कमी येत जाईल. तेल लावायचे कॉटन फिल्टर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, तेल जास्त झालं की तेच होतं.

आणि पाइपचा व्यास बदलू नका! ६३ मिमीच्या जागी ७६ मिमीचा टाकला तर आतलं क्षेत्रफळ जवळपास ४५ टक्के वाढतं, तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो, सेन्सर कमी दाखवतो, पेट्रोल कमी पडतं आणि बूस्टवर (टर्बोचा दाब असताना) लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चाललेलं इंजिन नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) करून पिस्टन खाऊ शकतं. मोठा पाइप हवाच असेल तर ईसीयूमधलं मॅफचं टेबल नव्याने बनवून घ्या.

थ्रॉटलजवळ न्यायचं कारण असतं, नाही असं नाही. अॅक्सिलरेटरला प्रतिसाद चांगला मिळतो कारण मधे इंटरकूलर आणि लांब पायपिंग भरायचं राहत नाही, आणि ब्लो-ऑफची हवा बाहेर सोडली तरी चालते, फक्त व्हॉल्व्ह सेन्सरच्या आधी पाहिजे. पण मग इंटरकूलरनंतरच्या सरळ पाइपवर अॅल्युमिनियमचा फ्लँज वेल्ड करून ओ-रिंग आणि स्क्रूने पक्कं बसवा, फिल्टर बॉक्सवालं प्लास्टिकचं हाऊसिंग बूस्ट झेलायला बनवलेलं नसतं. टर्बोच्या सीलमधून येणारं तेल आता थेट तारेवर येणार म्हणून सफाईही वारंवार. ट्यूनिंग येणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका. डिझेलवाल्यांनी तर हलवूच नका, तिथे मॅफ मुख्यतः ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि धुरावर लक्ष ठेवायला असतो, फायदा काहीच नाही.

बसवून झालं की लीक टेस्ट करा. मॅफ काढून ठेवा, टर्बोच्या इनलेटला पीव्हीसीची एंड कॅप, तिला टायरचा व्हॉल्व्ह, ब्रीदर बंद करायला विसरू नका नाहीतर क्रँककेसमध्ये दाब भरेल. हळूहळू ५ पीएसआयपासून नेहमीच्या बूस्टपर्यंत हवा भरा, जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की क्लॅम्प घट्ट. मग स्कॅनर लावा. सेन्सर टर्बोच्या आधी असताना आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतः करतो ती दुरुस्ती, प्लसमध्ये असेल तर न मोजलेली हवा आत येतेय, बूस्टवर रिच (पेट्रोल जास्त) होत असेल तर मोजलेली हवा बाहेर जातेय. या १.८ ला गरम इंजिनवर आयडलला सेकंदाला साधारण २ ते ४ ग्रॅम दिसतात, फुल थ्रॉटलला १५० पीएससाठी सेकंदाला १२० ग्रॅमच्या आसपास. खूप कमी दिसले तर आधी मॅफ क्लीनर स्प्रेने साफ करा, कार्ब क्लीनर नको, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय इग्निशन ऑन करू नका.