सामूचं गणित चुकलं? फरक किती आलाय ते आधी बघा

सामूचं (पीएचचं, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या उणे लॉगचं) गणित चुकलं की बहुतेक जण पहिल्या ओळीपासून पुन्हा सोडवायला बसतात आणि तीच चूक पुन्हा करतात. वह्या तपासून तपासून मला एक सवय लागली आहे. आधी चुकलेल्या आणि बरोबर उत्तरातला फरक बघायचा. फरक ०.३० असेल तर कुठेतरी २ ने गुणायचं किंवा भागायचं राहिलंय, कारण २ चा लॉग ०.३०. फरक ०.१५ असेल तर तोच २ वर्गमुळाखाली हरवलाय. बरोबर ०.५० असेल तर वर्गमुळाखाली १० पटीची गडबड आहे. आणि उत्तर सुमारे २.३ पट आलं असेल, तर गणित ठीक आहे, तुम्ही लॉगऐवजी एलएनचं (नैसर्गिक लॉगचं) बटण दाबलंय.

०.३० चं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे बेरियम हायड्रॉक्साइड. ०.०१ मोलर (लिटरमागे ०.०१ मोल) द्रावणात हायड्रॉक्साइड आयनांची संहती ०.०२ मोलर असते, पीओएच (या संहतीचा उणे लॉग) १.७०, म्हणून सामू १४ वजा १.७०, म्हणजे १२.३०. हे २ ने गुणणं विसरलं की १२.०० येतो. काही जण १.७० वरच थांबतात आणि तोच सामू म्हणून चौकटीत लिहितात. आम्लारीचा सामू १.७० लिहिताना हात अडखळायला हवा, खरं तर.

हाच नियम सल्फ्युरिक आम्लाला डोळे मिटून लावू नका. त्याचा पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो, दुसरा अर्धवट. ०.०१ मोलर द्रावणाचा सामू २ ने गुणून १.७० येतो, पण दुसऱ्या टप्प्याचा विचरण स्थिरांक (हायड्रोजन किती सुटतो त्याचं माप) ०.०१२ धरून नीट सोडवलं तर १.८४ च्या आसपास.

चंबूत शेवटी काय उरलं?

माझ्या मते बफर (सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असलेलं द्रावण) आणि क्षाराच्या निम्म्याहून अधिक चुका सूत्राच्या नसतातच. चंबूत शेवटी काय उरलंय हे न बघता सूत्र उचललेलं असतं. एकच चंबू घेऊ: ०.२ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल, ५० मिली, म्हणजे १० मिलिमोल. त्याचा पीकेए (विचरण स्थिरांक १.८ × १०⁻⁵ चा उणे लॉग) ४.७४. आता त्यात सोडियम हायड्रॉक्साइड ओतायचं.

आधी ३ मिलिमोल ओतलं. अभिक्रिया पूर्ण होते: आम्ल ७ मिलिमोल उरतं, सोडियम अ‍ॅसिटेट ३ मिलिमोल तयार होतं. दोन्ही आहेत, म्हणजे बफर. सामू = पीकेए + लॉग (क्षार/आम्ल) = ४.७४ + लॉग (३/७) = ४.३७. इथे तीन वेगवेगळी चुकीची उत्तरं हमखास येतात. ४.२२ आलं असेल तर तुम्ही ३/१० घेतलंय, संपलेलं आम्ल वजा केलेलं नाही. ५.११ आलं असेल तर अपूर्णांक उलटा आहे. तिसरं उत्तर मात्र एक आकडा नसतो, अर्धं पान असतं: प्रत्येक मिलिमोलला एकूण आकारमानाने भागून संहती काढत बसलेलं. उत्तर बरोबरच येतं, कारण आकारमान वर-खाली कटतं. वाया जातो तो वेळ.

आता एकूण १० मिलिमोल ओतलं, म्हणजे त्याच ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ५० मिली. आम्ल संपलं. बफरचं सूत्र इथे ० ने भागायला लावतं, आणि तरीही लोक ते वापरायचा प्रयत्न करतात. उरलाय फक्त क्षार, १०० मिलीत १० मिलिमोल, म्हणजे ०.१ मोलर. सामू = ७ + पीकेए/२ + (लॉग संहती)/२ = ७ + २.३७ − ०.५० = ८.८७. उत्तर ९.०२ आलं? फरक ०.१५. आकारमान दुप्पट झालं हे विसरून संहती ०.२ च धरलीत. आणि ७ लिहिलं असेल तर ‘उदासिनीकरण झालं म्हणजे उदासीन’ हा शब्दांचा घोटाळा आहे.

आणखी २ मिलिमोल ओतलं की क्षाराचं सूत्रही बाजूला ठेवायचं. ११० मिलीत २ मिलिमोल तीव्र आम्लारी जादा आहे; तिच्यापुढे अ‍ॅसिटेट नगण्य. सामू १२.२६.

क्षाराच्या सूत्रात चिन्हाची गल्लत होत असेल तर पाठांतर सोडा आणि जनक बघा. अमोनियम क्लोराइड सौम्य आम्लारी आणि तीव्र आम्लाचं अपत्य, म्हणून ०.१ मोलरला सामू ७ च्या खाली, ५.१३. तिथे ८.८७ आला असेल तर अधिक-उणे उलटं झालंय.

गृहीतक कुठे मोडतं

०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाला वर्गमुळाची सोपी रीत (हायड्रोजन आयनांची संहती = √(स्थिरांक × आम्लाची संहती)) चालते: सामू २.८७, विचरण (सुटलेल्या आम्लाचा हिस्सा) १.३ टक्के. तीच रीत ०.०००१ मोलरला लावली तर विचरण ४२ टक्के निघतं, म्हणजे ‘अगदी थोडंच सुटतं’ हे आपलंच गृहीतक आपण खोटं पाडलं. वर्गसमीकरण सोडवा: ४.३७ ऐवजी ४.४६. विचरण ५ टक्क्यांच्या वर गेलं की सोपी रीत सोडायची.

१०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ लिहिणारे अजून भेटतात. आम्ल पाण्यात टाकून द्रावण आम्लारिधर्मी कसं होईल? पाण्याचे स्वतःचे आयन धरावेच लागतात. पण सरळ १०⁻⁷ मिळवून ६.९६ काढणंही अपुरंच. आम्लामुळे पाण्याचं विचरण थोडं दबतं आणि उत्तर ६.९८ येतं.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसनने १९०९ मध्ये हे मापन आणलं ते घातांकांची कटकट टाळायला. त्याची किंमत अशी की सामूंची सरासरी काढता येत नाही. सामू २ आणि ४ असलेली तीव्र आम्लांची द्रावणं समान आकारमानात मिसळली तर ३ नाही, २.३० येतो. आधी संहतीवर या, सरासरी तिथे काढा, मग लॉग. आणि ‘१४ वजा पीओएच’ हेसुद्धा २५ अंश सेल्सिअसचं आहे. ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.५ असतो, तरी ते उदासीनच.

आता त्या ०.५० च्या फरकाकडे. अ‍ॅसेटिक आम्लाचा स्थिरांक १.८ × १०⁻⁵ कॅल्क्युलेटरमध्ये भरताना बरेच जण १.८, गुणिले, १०, मग ईएक्सपी, मग उणे ५ असं दाबतात. ईएक्सपीच्या बटणातच ‘गुणिले १० चा घात’ असतो, त्यामुळे आकडा १.८ × १०⁻⁴ होतो आणि ०.१ मोलर आम्लाचा सामू २.८७ च्या जागी २.३७ दिसतो. १.८, ईएक्सपी, उणे ५. बस.