जुन्या ट्रकच्या इंजिनाची ऑइल गळती : सील बदलण्याआधी उगम शोधा

टाटाच्या १६१३ आणि २५१५ मालिकांतील अनेक गाड्यांत कमिन्सचे ६बीटी इंजिन आहे. सहा सिलिंडरांचे, ५.९ लिटर क्षमतेचे हे इंजिन काही लाख किलोमीटर चालल्यावर कुठे ना कुठे ओले दिसू लागते आणि मग गॅरेजमध्ये बहुधा पहिला सल्ला मिळतो तो क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील बदलण्याचा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, गाडी उभी राहते, मजुरी वाढते, आणि गळती मुळात दुसरीकडून असेल तर थोड्याच दिवसांत बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी पुन्हा तोच थेंब दिसतो. म्हणून माझा आग्रह असा, की ऑइल कोठून येते आणि कशामुळे बाहेर ढकलले जाते हे कळल्याशिवाय एकही पॅकिंग उघडू नये.

गळती किरकोळ आहे की नाही हे आधी ठरवावे. ऑइल तापलेल्या टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रावर) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल, क्लच प्लेटपर्यंत पोहोचत असेल, किंवा टर्बोला ऑइल देणारी दाबाची नळी झिरपत असेल, तर थेंब कितीही लहान असला तरी गाडी फेरीवर पाठवू नये. उलट, उभ्या गाडीखाली दर दहा मिनिटांना एक थेंब पडत असेल तर दिवसाचे १४४ थेंब, म्हणजे जेमतेम ७ मिलिलिटर ऑइल होते. एवढ्या ठिबकण्यात आठवड्याला लिटरभर टॉपअप लागत असेल, तर बाकीचे ऑइल सिलिंडरमध्ये जळत आहे किंवा इंजिन चालू असतानाच दाबाखाली बाहेर पडत आहे, असे समजावे.

शोध घेण्यासाठी थंड इंजिन डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडे करावे. अल्टरनेटर आणि सेल्फवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरावी, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, मग ते बंद करून विजेरीने पाहावे. ऑइल उताराने खाली येते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते, म्हणून जिथे थेंब लोंबतो तिथे नव्हे, तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागी उगम शोधावा. बेल हाउसिंगखालचा थेंब बोटावर घेऊन त्याचा वासही पाहावा, कारण गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि तो आला तर दोष इंजिनाचा नसून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा असण्याची शक्यता अधिक असते.

एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून ऑइल झिरपत असेल तर सील सोडून ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीकडे, वळावे. पिस्टनच्या रिंगांजवळून काही वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतो आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. ती नळी चिखलाने किंवा काजळीने तुंबली, कुठे दबली, की आतला दाब वाढून चांगली सीलेही गळू लागतात. म्हणून नळी काढून साफ करावी आणि तिला वळसे पडलेले नाहीत ना हे पाहावे. त्यानंतर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण तोंडावर उलटे ठेवावे : ते नुसते थरथरले तर चिंता नाही, पण उडून पडले तर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांजवळून उतरणारा वायू, जास्त आहे. ही गॅरेजमधली ढोबळ चाचणी झाली. खरा निर्णय पाण्याच्या मॅनोमीटरने (दाब दाखवणाऱ्या नळीने) दाब मोजूनच करावा. दाब जास्त निघाला तरी लगेच रिंगांना दोष देऊ नये, कारण ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरच्या झिजलेल्या रिंगा आणि टर्बोची सीलेही इंजिनात हवा ढकलतात. कॉम्प्रेसरच्या डिलिव्हरीची नळी काही क्षण सोडून पुन्हा मोजले आणि दाब उतरला, तर इंजिन न उघडताच दोष सापडतो. (त्या वेळी ब्रेकच्या टाक्यांत हवा भरत नाही, म्हणून गाडी हलवू नये आणि चाकांना ठोकळ्याची ओट लावावी.)

दाब योग्य असेल तरच पॅकिंगांकडे जावे. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळे रॉकर कव्हर असते. त्यांची पॅकिंगे कडक झाली की बदलणे सोपे आहे. खरी फसवी जागा म्हणजे डिझेल पंपामागे, ब्लॉकच्या बाजूला असलेले टॅपेटचे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दट्ट्यांचे) कव्हर. तेथून निघालेले ऑइल ब्लॉकवरून मागे वाहत बेल हाउसिंगवर येते आणि मागचे सील गेल्याचा भास होतो. तिथे पोहोचणे अवघड असते, तरी गिअरबॉक्स उतरवण्याआधी आरसा आणि विजेरी घेऊन ही जागा पाहावीच. चेंबरचे बोल्ट मात्र नुसते आवळून गळती थांबवू पाहू नये. जास्त आवळल्याने पत्रा वाकतो आणि पॅकिंग बोल्टांच्या मधल्या जागेत उघडे पडते. कडा सपाट करून, नवे पॅकिंग बसवून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळावे. सिलिकॉन सीलंट भरमसाट लावले तर आत निघालेले तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, म्हणून पातळ थरच पुरे.

मागचे सीलच गेले असल्याची खात्री झाली, तर ते बसवताना एक गोष्ट सक्तीने पाळावी. इतर सीलांच्या ओठाला ऑइल लावण्याची सवय असते. पण ६बीटीचे टेफ्लॉनचे सील पूर्ण कोरडे बसवायचे असते, क्रँकची जागाही ऑइलचा अंश न ठेवता पुसायची असते आणि सीलबरोबर येणारा पायलट (सील सरळ सरकवण्याचे कडे) वापरायचा असतो. क्रँकवर नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर वेअर स्लीव्ह (झिजलेल्या जागेवर चढवायचे पातळ कडे) घालावी.

गळती थांबवण्याच्या नावाने विकली जाणारी द्रावणे किंवा जाड ऑइल मी सुचवत नाही. जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. शिफारस केलेले १५डब्ल्यू-४० ग्रेडचे ऑइलच ठेवावे. आणि मोजमापानंतर दोष रिंगांवरच आला, तर सीलांवरचा खर्च थांबवावा. या इंजिनात मूळ लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेल्या वेगळ्या नळ्या) नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतात. तेव्हा बोअर मोजून घ्यावे आणि रिबोअर (बोअर कापून मोठे करणे) किंवा स्लीव्ह बसवण्याचा अंदाज काढूनच पुढच्या फेऱ्यांची कबुली द्यावी.