मुद्रा कुणाची? इटालियन गाणी ऐकायची माझी पद्धत

आमच्या भजनी मंडळात कुणी नवा अभंग म्हटला की वीणेकरी अण्णा मान डोलावतात आणि मग एकच प्रश्न विचारतात, "मुद्रा कुणाची?" मुद्रा म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारं कवीचं नाव. गंगाखेड जनाबाईचं गाव, इथं हा प्रश्न चुकत नाही. 'नामयाची दासी जनी' म्हटलं की एका ओळीत दोन माणसं उभी राहतात. एकनाथांचं 'एका जनार्दनी' तसंच, स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडलेलं.

एका एकादशीला फराळ झाल्यावर मी मोबाइलवर मंडळाला एक इटालियन गाणं ऐकवलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "गळा खोल हाय. बोल कुणाचे?" मी ठोकून दिलं, "त्याचेच. तिकडं गाणाराच लिहितो." पुढं कळलं की त्या एका गाण्यामागं पाच माणसं होती. तेव्हापासून मी मुद्रा शोधल्याशिवाय गाणं ऐकत नाही. ती कशी शोधायची, ते सांगतो.

माझं मोटार भरायचं दुकान आहे. फेब्रुवारी ते जून बोअरच्या मोटारी जळून येतात, रात्री अकरापर्यंत तारेचे वेढे मोजत बसतो. हात गुंतलेले, कान मोकळे. मेहुण्याचा मुलगा इटलीत तुरीनला नोकरीला गेला आणि तिथून गाणी पाठवायला लागला, तिथून हा नाद लागला. मला इटालियन येत नाही. तुम्हालाही यायची गरज नाही. एक वही, बरा स्पीकर आणि चांगली रेंज एवढं पुरतं.

तिकडं स्वतः लिहून गाणाऱ्याला 'कांताउतोरे' म्हणतात. 'कांतांते' म्हणजे गायक आणि 'आउतोरे' म्हणजे लेखक, दोन्ही मिळून झालेला हा शब्द १९६०च्या सुमाराला रूढ झाला. आपल्याकडं जवळचा शब्द वाग्गेयकार. पण या शब्दानंच माझी फसगत केली. नाव 'स्वतः लिहिणारा गायक' असलं तरी यातले बरेच जण कुणा कवीच्या, भाषांतरकाराच्या नाहीतर तत्त्वज्ञाच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

सुरुवात गाण्यांच्या सरमिसळ यादीनं करू नका. ॲप आपोआप लावून देतं ती यादी तर नकोच. एकच आल्बम घ्या, फाब्रित्सिओ दे आंद्रे याचा १९७१चा. नाव लांबलचक आहे, अर्थ असा: ना पैशाकडं, ना प्रेमाकडं, ना स्वर्गाकडं. दे आंद्रे इटलीतल्या जेनोआ बंदराचा, जन्म १९४०, मृत्यू १९९९. इटालियन स्पेलिंग जमत नसेल तर फोनच्या माइकमध्ये गायकाचं नाव बोला, त्याचं पान उघडा आणि सालावरून आल्बम ओळखा. नऊ गाणी आहेत, अर्ध्या तासाचं काम.

पण लगेच वाजवू नका. आधी मूळ कविता वाचा. एडगर ली मास्टर्स नावाच्या अमेरिकन वकील-कवीचं 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी' हे पुस्तक १९१५ला निघालं. ते इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि इंग्रजी कॉलेजातल्या पोराला झेपेल असं आहे. एका गावाच्या टेकडीवरचं कब्रस्तान, आणि त्यातला एकेक मेलेला माणूस उठून आपली हकीकत सांगतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात वेडी येते, बहिरा येतो, जोशी येतो, आणि प्रत्येक जण 'मी'नं बोलतो. फरक एवढाच की भारुडातला माणूस शेवटी परमार्थाला पोचवतो, स्पून रिव्हरचा माणूस तुम्हाला तिथंच कबरीपाशी सोडून देतो.

आता मुद्रेची साखळी बघा. चेझारे पावेझे हा कादंबरीकार तुरीनमध्ये शाळेत शिकवायचा. फर्नांदा पिवानो त्याची विद्यार्थिनी. हे अमेरिकन पुस्तक तिला त्यानंच दिलं. तिनं भाषांतर केलं आणि ते १९४३ला, फॅसिस्ट राजवटीत, छापून आलं. दे आंद्रेनं ते वाचलं. पुढं जुझेप्पे बेंतिवोल्यो याच्यासोबत त्यानं त्यातल्या नऊ कवितांची गाणी केली, आणि चालींना निकोला पिओवानी सोबत होता. हाच पिओवानी नंतर 'लाइफ इज ब्यूटिफुल' सिनेमाच्या संगीतासाठी ऑस्कर घेऊन गेला. मास्टर्स, पिवानो, दे आंद्रे, बेंतिवोल्यो, पिओवानी, असे पाच हात. पावेझे धरला तर सहा. त्या आल्बमच्या वेष्टनावर पिवानोनं घेतलेली दे आंद्रेची मुलाखतही छापली आहे. म्हणजे भाषांतरकार बाई पडद्याआड ठेवलेली नाही, दर्शनी भागात बसवली आहे. आपल्याकडं भाषांतरकाराचं नाव कव्हरवर आलं तरी पुष्कळ.

जोड्या लावून वाचा. बहुतेक गाण्यांच्या नावात फक्त धंदा किंवा अवस्था आहे, कवितेत मात्र माणसाचं नाव आहे. 'न्यायाधीश'साठी जज सेला लाइव्हली, 'वेडा'साठी फ्रँक ड्रमर, 'डॉक्टर'साठी सीगफ्रीड आइसमन, 'रसायनवाला'साठी ट्रेनर, 'चष्मेवाला'साठी डिपोल्ड. न्यायाधीशापासून धरा. पाच फूट दोन इंचाचा माणूस, गाव त्याच्या उंचीवर हसतं. तो रात्री मेणबत्तीच्या उजेडात कायदा शिकतो, न्यायाधीश होतो आणि हसणाऱ्यांना समोर उभं करतो. गाणं झपझप चालतं, ताल टोचरा आहे. शब्द कळला नाही तरी माणूस चिडून बोलतोय हे कळतं.

मग शेवटचं गाणं, वादक जोन्स. इथं दोन दिवस थांबा. मी तीन आठवडे थांबलो.

कवितेतला जोन्स शेतकरी आहे, पण त्याचं शेत काही होत नाही, कारण कुणी ना कुणी त्याला फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायला बोलावतं. एके ठिकाणी तो म्हणतो की धुळीचा खांब उठला की शेजाऱ्याला त्यात दुष्काळ दिसायचा, मला मात्र लाल केसांचा सॅमी नाचताना दिसायचा. दे आंद्रेनं ही ओळ ठेवली आणि तिच्यातला माणूस बदलला. त्याच्या गाण्यात बाकीच्यांना वावटळीत दुष्काळ दिसतो, जोन्सला आठवतो कैक वर्षांपूर्वीच्या नाचातला जेनीचा घागरा. सॅमी गेला, जेनी आली. धूळ तीच.

ज्यानं २०१६चा उन्हाळा मराठवाड्यात काढला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जाताना बघितलं, त्याला ही ओळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एप्रिलच्या दुपारी दुकानापुढून वावटळ जाते तेव्हा मी अजून दुष्काळवाल्यांच्याच बाजूला असतो, पण आता निदान दुसरी बाजू आहे हे माहीत आहे.

आणखी एक बदल बघा. कवितेच्या शेवटी फिडल मोडलेलं आहे, गाण्यात मोडलेली बासरी आहे. कवितेत चाळीस एकर उरतात, गाण्यात शेत तणात गेलेलं. हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "बासरीच बरी. मेलेल्या माणसाचा श्वासच गेला की." मला हे सुचलं नव्हतं. आल्बमचं नावही या जोन्समुळंच आलंय. पहिल्या, टेकडीवरच्या कवितेत त्याच्याविषयीच म्हटलंय की तो सोनं, प्रेम, स्वर्ग कशाचाच विचार न करता जगला.

आता कामाची गोष्ट: नावं सापडतात कुठं? कुठल्याही आल्बमच्या माहितीत तीन शब्द शोधा. 'टेस्तो' म्हणजे बोल, 'मूझिका' म्हणजे संगीत, 'त्रादुत्सिओने' म्हणजे भाषांतर. यूट्यूबच्या व्हिडिओखाली 'अधिक' दाबलं की बऱ्याचदा लेखक-संगीतकार दिसतात. इटालियन विकिपीडियाचं पान ब्राउझरमध्ये भाषांतर करून वाचा, त्यात गाणंवार नावं असतात. डिस्कॉग्ज नावाच्या साइटवर जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांचे फोटो आहेत. मी फोटो मोठा करून नावं उतरवून घेतो. वहीत चार रकाने करा: साल, गाणारा, बोल, चाल. चौथ्या गाण्यापासूनच तीच नावं पुन्हा भेटायला लागतात.

आणि नावावर भोळेपणानं विश्वास ठेवू नका. लुचिओ दाल्ला या बोलोन्याच्या गायकाचा जन्म ४ मार्च १९४३चा, आणि १९७१ला सान रेमोच्या गाण्यांच्या महोत्सवात गाजलेल्या त्याच्या गाण्याचं नावही तेच, ४-३-१९४३. कुणीही म्हणेल आत्मचरित्र. बोल मात्र पाओला पाल्लोत्तीनो या बाईचे आहेत. जन्मतारीख त्याची, शब्द तिचे.

याच दाल्लानं पुढं रोबेर्तो रोवेर्सी या कवीसोबत तीन आल्बम केले, १९७३, १९७५ आणि १९७६चे. रोवेर्सी बोलोन्यात जुन्या पुस्तकांचं दुकान चालवायचा, आणि पाझोलीनी या कवी-दिग्दर्शकासोबत त्यानं १९५५ला एक साहित्यिक नियतकालिक काढलं होतं. तिसरा आल्बम मोटारगाड्यांवरचा. त्यातली काही गाणी वगळली गेली म्हणून रोवेर्सीचं बिनसलं आणि त्यानं स्वतःचं नाव द्यायला नकार दिला. तबकडीवर छापलं गेलं 'नोरिस्सो'. टोपणनाव म्हणून नव्हे, निषेध म्हणून घेतलेली मुद्रा. त्यात तात्सिओ नुवोलारी या शर्यतवाल्यावरचं गाणं आहे. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ते आवडेल. ते ऐकून झालं की लगेच दाल्लाचा १९७७चा आल्बम लावा, ज्याचं नाव 'किती खोल आहे समुद्र'. इथून बोल त्याचे स्वतःचे. भाषा न येताही ओळी सैल झाल्या, श्वास लांबला हे ऐकू येतं. मला रोवेर्सीचा दाल्ला जास्त आवडतो. भाचा म्हणतो मी हट्टी आहे.

बोलीतली गाणी ऐकताना फोनचं भाषांतर बंद करा. दे आंद्रेचा १९८४चा आल्बम जेनोआच्या बोलीत आहे, सोबत माउरो पागानी. त्या आल्बमच्या नावात जो पहिला शब्द आहे, त्याचा अर्थ दोन भिंतींमधून जाणारी अरुंद बोळ, आणि बोळ समुद्राची. मी तो फोनमध्ये घातला तर फोननं मला भलतंच सांगितलं. अशा वेळी आधी त्या गाण्याचं प्रमाण इटालियनमधलं रूप शोधायचं आणि मग ते भाषांतराला द्यायचं, म्हणजे दोन उड्या. पहिल्या गाण्याच्या शेवटी मासळीबाजारातल्या विक्रेत्यांचे आवाज आहेत, ते मात्र भाषांतराशिवाय कळतात. बंदराच्या बोलीत अरबी-तुर्की शब्द मिसळलेले, जसे आपल्या बोलीत निजामाच्या राज्यातले उर्दू शब्द अजून राहिलेत. पुण्याच्या पाहुण्यापुढं आपली बोली आवरून घेणाऱ्यांनी हा आल्बम एकदा ऐकावा. त्या माणसानं कारकिर्दीच्या भरात, अख्ख्या देशाला कळत नसलेल्या बोलीत गाणी केली.

बाकीचे धावते. घरात लहान लेकरं असतील तर अंजेलो ब्रांदुआर्दीचं १९७६चं पूर्वेच्या जत्रेचं गाणं लावा. बापानं दोन पैशांना उंदीर आणला, त्याला मांजरानं खाल्लं, मांजराला कुत्रं चावलं, असं वाढत जातं. हे ज्यूंच्या वल्हांडण सणातल्या जुन्या गाण्यावरून आलंय, तिथं उंदराच्या जागी करडू आहे. माझ्या बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, हे तर भोंडल्यातल्या कारल्याच्या वेलासारखं, एक झालं की पुढचं. तिला भाषांतर लागलंच नाही.

इटालो काल्व्हिनो कादंबरीकार म्हणून माहीत असेल. १९५८ला तुरीनच्या 'कांताक्रोनाके' या गाणाऱ्या मंडळींसाठी त्यानं गिधाडावर युद्धविरोधी गाणं लिहिलं, चाल सेर्जो लिबेरोविची याची. पाझोलीनीनं डोमेनिको मोदुन्यो या गायकासाठी ढगांवरचं गाणं लिहिलं, त्यात शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तले तुकडे विणलेत. सिसिलीचा फ्रांको बात्तिआतो १९९०च्या दशकात मान्लिओ स्गालांब्रो या तत्त्वज्ञाला घेऊन बसला. त्यांचं १९९६चं 'ला कूरा' वरवर प्रेमगीत वाटतं, पण सावकाश वाचा. आणि फ्रांचेस्को गुच्चीनीचं १९७२चं इंजिनावरचं गाणं विसरू नका. १८९३ला एका रेल्वे कामगारानं बोलोन्याजवळ इंजिन पळवलं, ती खरी घटना आहे. इथं बोल आणि चाल दोन्ही गुच्चीनीचीच. चार रकान्यांच्या वहीत असं एकच नाव तीनदा लिहायला बरं वाटतं. गाणं आठ मिनिटांहून मोठं आहे. मी ते परळीकडं जाणारी गाडी गेल्यावर लावतो.

चौघांना ऐकवायचं असेल तर पंखा बंद करा, नावं आधी सांगा, गोष्ट तीन वाक्यांत सांगा आणि गाणं चालू असताना बोलू नका. आमच्या पुढच्या एकादशीला मी दे आंद्रेच्या १९९६च्या शेवटच्या आल्बममधलं शेवटचं गाणं लावणार आहे. वहीत नोंद तयार आहे: गाणारा दे आंद्रे, सोबत इव्हानो फोस्साती, आणि बोलांच्या मुळाशी कोलंबियाचा लेखक आल्व्हारो मुतीस. अण्णांनी विचारायच्या आत सांगतो.