कुत्र्याला लांबच्या ट्रेकला नेताय? आधी पंजे बघा

उन्हाळा आला की नागपुरातले बरेच जण कुत्र्याला घेऊन हिमाचल-उत्तराखंडात ट्रेकला जायचं म्हणतात, तर भाऊ, जाकीट-बिकीट नंतर घ्या, आधी त्याचे पंजे बघा. घरात टाइल्सवर वाढलेल्या कुत्र्याच्या पंजाची गादी मऊ असते, खडकाळ वाटेवर ती लवकर सोलते, आणि बरेच कुत्रे चांगलं दुखेपर्यंत चालतच राहतात, आपल्याला कळतही नाही. म्हणून दोन महिने आधीपासून पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर न्या, हळूहळू अंतर वाढवा, पण आपल्याकडे ऊन चढलं की डांबर तापतं, हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर सरळ घरी. बूट घेणार असाल तर त्यांचीही सवय आताच लावा, नवे बूट बोटांमध्ये घासतात.

ट्रेकवर रोज संध्याकाळी बोटांच्या मधे चाचपून बघायचं, खडे, काटे, गोचीड, बर्फ असेल तर केसांत अडकलेले गोळे. पाठीवर ओझं द्यायचंच तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आतच, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला दोन किलो, बास.

आपल्या डब्यातला चिवडा त्याला अजिबात देऊ नका, मनुका आणि कांदा दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

रूट ठरवतानाच चौकशी करा, व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससारख्या नॅशनल पार्कात कुत्रा नेता येत नाही. आणि रात्री त्याला तंबूच्या आतच झोपवा, तिकडचे मेंढपाळसुद्धा बिबट्याच्या भीतीनं कुत्र्यांना खिळ्यांचे पट्टे घालतात.