चौकटीच्या वहीत रिलेटिव्हिटी कशी समजून घ्यायची

रिलेटिव्हिटी, म्हणजे आइनस्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत, समजून घेताना फॉर्म्युल्यापासून सुरुवात करू नका, भाचीला शिकवताना मी तेच केलं आणि ती सरळ उठून पोहे खायला गेली. चौकटीची वही, पट्टी, पेन्सिल घ्या, बस.

आधी इंदूर स्टेशन आठवा. शेजारची गाडी सरकते आणि वाटतं आपलीच निघाली, मग दुसऱ्या खिडकीतून प्लॅटफॉर्मचा खांब दिसला की कळतं, छे, आपण तिथंच आहोत. आता खिडक्या बंद, गाडी एकाच स्पीडने, हिसका न देता चाललीये, तर आतला कुठलाच प्रयोग सांगू शकत नाही की ती चाललीये का उभी आहे, कपातला चहा पण नाही. आइनस्टाइनने 1905 मध्ये याला एक गोष्ट जोडली, प्रकाशाचा स्पीड, सेकंदाला साधारण 3 लाख किलोमीटर, तो सगळ्यांना तेवढाच भरतो, तुम्ही उभे असा नाहीतर पळत असा. पचत नाही ना? राहू दे, खरं धरा आणि चित्र काढा.

डब्याच्या फरशीवर टॉर्च, छताला आरसा. आतल्या माणसाला प्रकाश सरळ वर जाताना दिसतो, म्हणजे 4 चौकटी उभ्या (एक चौकट म्हणजे प्रकाशाचा एका सेकंदाचा रस्ता, असं धरा). पण प्लॅटफॉर्मवरच्या माणसासाठी तोवर आरसा पुढे सरकलेला असतो, म्हणून टॉर्चपासून 3 चौकटी उजवीकडे जा, तिथून 4 वर, आणि टॉर्चपासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ मारा. मोजा. 5 भरते. स्पीड तोच, रस्ता लांब, मग वेळ पण जास्त लागणार, म्हणजे आत 4 सेकंद झाले तर बाहेर 5. (गाडी सेकंदाला 1 लाख 80 हजार किलोमीटरने पळतेय हं, आपली महूची लोकल नाही.)

इथं सगळे अडकतात. प्लॅटफॉर्मवरून गाडीतलं घड्याळ हळू दिसतं, पण ते बिघडलेलं नाहीये, आणि आतल्या माणसाला उलट प्लॅटफॉर्मचंच घड्याळ हळू वाटतं, कारण त्याच्या हिशोबाने प्लॅटफॉर्म पळतोय.

कोणी म्हणालं की हे कागदावरच, तर म्युऑन सांगा. अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे साधारण 15 किलोमीटर वर तयार होणारे कण, सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाश सुद्धा जेमतेम 660 मीटर जातो, तरी ते ढिगाने जमिनीपर्यंत पोचतात, कारण ते इतके जोरात पळतात की आपल्या हिशोबाने त्यांचं घड्याळ हळू चालतं.

भाचीने नंतर स्वतःहून 12 आडव्या, 5 उभ्या काढल्या, तिरकी 13 आली. आत 5, बाहेर 13. मग जिलबी मागितली.