ख्रिस्ती पोरं कॉलेजसाठी बाहेरगावी निघाली की घरच्यांनी आणि मंडळीने (चर्चने) काय तयारी करून द्यावी

आपल्या नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये बारावीचा रिझल्ट लागला की पोरांना रविवारी पुढे बोलावतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, बायबलचा नवा करार हातात देतात आणि पोरं पुण्या-मुंबईला निघतात. प्रार्थना तर हवीच, पण तेवढ्यावर थांबलो तर तयारी झाली असं मला नाही वाटत. तरुण संघाचं काम बघता बघता माझं ठाम मत झालंय की ही तयारी अकरावीपासूनच घरात सुरू करायला पाहिजे, आणि भीती घालून तर अजिबात करू नये. "बाहेर जग वाईट आहे, सांभाळून राहा" एवढंच ऐकून गेलेलं पोर पहिला चांगला, प्रेमळ, हुशार बिगरख्रिस्ती मित्र भेटला की गोंधळून जातं, कारण घरच्यांनी सांगितलेलं त्याला सगळंच खोटं वाटायला लागतं.

सगळ्यात आधी प्रश्न विचारू द्या. उत्क्रांतीचं काय, जुन्या करारात एवढी युद्धं का, माझी मैत्रीण एवढी चांगली आहे मग तिचं काय होणार, हे प्रश्न सोळाव्या वर्षी डोक्यात येतातच, आणि आपण "असं विचारायचं नसतं" म्हणून गप्प करतो. मग तेच प्रश्न हॉस्टेलवर रात्री एक वाजता कुणीतरी विचारतं आणि तिथे उत्तराला सोबत कुणीच नसतं. येशू पुन्हा उठलाय यावर त्याचा शिष्य थोमाने जखमा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हटलं तेव्हा येशू आठ दिवसांनी आला आणि हात पुढे केले, रागावून हाकललं नाही. तुम्हाला उत्तर येत नसेल तर सरळ म्हणा, मला माहीत नाही, वाचून सांगतो, आणि पुढच्या रविवारी खरंच सांगा. हे पुढच्या रविवारचं जास्त महत्त्वाचं आहे.

एक प्रश्न तर आपल्या पोरांना हमखास येतो, "तुम्ही इंग्रजांच्या धर्मात कसे गेलात, काय मिळालं?" इथे चिडायचं नाही आणि लाजायचंही नाही, पण माहिती पाहिजे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला गोव्यात रायतूरला छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या, आणि पेशवाई बुडाली १८१८ ला. लिहिणारा जन्माने इंग्रज होता हे लपवू नका, पण इंग्रजांचं राज्य इथे यायच्या दोनशे वर्षं आधी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत होती हेही सांगा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांची भजनं आपण अजून टाळ-पेटीवर म्हणतो. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली, त्या १९२२ ला गेल्या. टिळक आणि रमाबाई काही मिळेल म्हणून ख्रिस्ती झाले नाहीत, उलट दोघांनीही समाजाचा राग ओढवून घेतला. हे पोरांना घरातूनच कळलं पाहिजे, एखाद्या सुट्टीत केडगावला घेऊन जा, नगरहून काही लांब नाही.

मग येतं कुठे हो म्हणायचं आणि कुठे थांबायचं. जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पोरांबरोबर बसून नीट वाचा. कैद होऊन बाबेलच्या राजाकडे गेलेल्या दानीएलने बाबेलची भाषा शिकली, त्यांचं वाङ्मय शिकला, नाव बदललेलंही चालवून घेतलं, पण राजाच्या ताटातलं अन्न नको हे त्याने मनात ठरवलं, आणि मग अधिकाऱ्याशी भांडला नाही, विनंती केली, दहा दिवस आम्हाला भाजी-पाणी देऊन बघा म्हणाला. म्हणजे शिक्षणाला घाबरायचं नाही, रेषा कुठे आहे ते आधी ठरवायचं आणि ती नम्रपणे सांगायची. दारू, ड्रग्ज, कॉपी, प्रॅक्टिकलची जर्नल दुसऱ्याकडून लिहून घेणं, प्रेमप्रकरण, या प्रत्येकावर निघायच्या आधी घरात मोकळं बोलणं व्हावं, आणि फक्त मुलींना बसवून नाही, मुलांनाही तेवढंच.

प्रसादाचंच घ्या, कारण ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच समोर येतं. हॉस्टेलवर गणपती बसतो, आरती झाली की रूममेट मोदक घेऊन दारात उभा असतो. नव्या करारात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८ आणि १० व्या अध्यायात प्रेषित पौल यावरच बोलतो, समोर वाढलेलं खुशाल खा, पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. यावर आपल्या मंडळ्यांमध्येही एकमत नाही हे मला माहितीये, पण पोराने स्वतः वाचून ठरवलेलं असावं. माझा सल्ला असा की न घ्यायचं ठरलं तर हसून सांगा, "मी प्रसाद घेत नाही रे, पण तू आठवणीने आणलास, बस ना, चहा घेऊ." आणि मांडवाला, जेवणाच्या पंगतीत वाढायला, मिरवणुकीनंतर झाडलोट करायला सगळ्यात आधी हजर राहा. नकार दिला म्हणून मैत्री तुटत नाही, तोंड फिरवलं की तुटते.

आता एक अवघड विषय, जो आपण उपासनेत कधी काढतच नाही. जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. हा अन्याय आहे असं मी मनापासून मानतो आणि त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण म्हणून कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती असं पोराच्या गळ्यात घालून, "कॉलेजात ख्रिस्ती असल्याचं बोलू नकोस" अशी ताकीद देऊन पाठवलं तर त्या पोराने चार-पाच वर्षं विश्वास लपवूनच जगायचं का? २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बाप्तिस्मा घेऊन अनुसूचित जातीचा दाखला मागण्याविरुद्ध निकाल दिलाय. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत जागा आहे, तो दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यासाठी सेतू केंद्रात, आणि व्हॅलिडिटीसाठी जात पडताळणी समितीकडे, अकरावीलाच अर्ज करा, ऐन ॲडमिशनच्या गर्दीत धावपळ करू नका. बाप्तिस्म्याचा दाखलाही पाळकांकडून काढून ठेवा, ख्रिस्ती मायनॉरिटी कॉलेजच्या कोट्यात तो मागतात.

शहरात मंडळी शोधण्याचं काम ॲडमिशन पक्की झाली की लगेच, आईबापांनी सोबत जाऊनच करावं. पुण्यात असाल तर पंचहौदचं पवित्र नाम देवालय हे चर्च आहे, मुंबईत भायखळ्याला ह्यूम मेमोरियल चर्च आहे, आणखीही बरीच आहेत. तिथल्या पाळकांना भेटवा, नंबर द्या, आणि पहिला महिना पोराला तीन-चार ठिकाणी फिरायचं असेल तर फिरू द्या, पण महिन्यानंतर एक ठिकाण पक्कं. विद्यार्थ्यांमध्ये युईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) ही संघटना १९५४ पासून काम करते, कॅथलिक मुलांसाठी आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) आहे, कॉलेजमध्ये ग्रुप आहे का ते विचारा. मात्र जिथे एकाच पुढाऱ्याचा शब्द शेवटचा असतो, घरच्यांशी बोलू नको म्हणतात, मेसच्या पैशातून दान मागतात, तिथून लगेच बाहेर पडायचं हे पोरांना स्पष्ट शब्दात सांगून ठेवा.

रविवारी सीईटी किंवा परीक्षा आली तर अपराधी वाटून घेऊ नका. शब्बाथ (विसाव्याचा दिवस) माणसासाठी झाला असं प्रभूनेच म्हटलंय, शनिवारी संध्याकाळी दोघातिघांनी वाचन-प्रार्थना करा आणि पेपर नीट द्या.

मंडळीने एक करावं, प्रत्येक पोरामागे आईबाप सोडून एक मोठा माणूस नेमावा, ताई, दादा, काका, कुणीही, ज्याला ते पोर "मला चर्चला जावंसंच वाटत नाही" असं बिनधास्त सांगू शकेल आणि तो ते लगेच घरी कळवणार नाही. फोन या मोठ्या माणसानेच करायचा, पोराच्या फोनची वाट बघत बसायचं नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत पोर पहिल्यांदा घरी आलं की त्याला रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला (विश्वासाचा अनुभव सांगायला) उभं करू नका. दोन दिवस झोपू द्या, पोटभर जेवू द्या, मग विचारा की मित्र कोण झाले, जेवण कुणाबरोबर करतोस, काय नवीन शिकलास, कशाने गोंधळलायस. ऐकताना मध्ये बायबलमधलं वचन सांगायचा मोह झाला तरी आवरा, बोलणं पूर्ण होऊ द्या.